‘रनिंग आउट ऑफ फ्युएल’: चार वेळा सांगूनही न पोचलेली गोष्ट

२५ जानेवारी १९९० च्या रात्री ९ वाजून ३४ मिनिटांनी अविआंका या कोलंबियन कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, कोव्ह नेक नावाच्या छोट्या गावात, झाडीच्या उतारावर कोसळलं. विमान बोइंग ७०७, आत १५८ माणसं. त्यातली ७३ दगावली, ८५ वाचली. चार इंजिनांचं विमान टेकडीवर आदळूनही आग लागली नाही, कारण पेट घ्यायला टाक्यांत इंधनच उरलं नव्हतं.

या विमानाच्या सहवैमानिकाने शेवटच्या ४८ मिनिटांत जमिनीवरच्या कंट्रोलरना इंधनाबद्दल चार वेळा सांगितलं होतं. चारही वेळा इंग्रजीत, आणि चारही वेळा एकाच क्रियापदाने: ‘रन आउट ऑफ’. शाळेच्या व्याकरणात, स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे ‘आउट’, ‘अप’सारखे शब्द जोडून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची, जी यादी असते, तिच्यात हे पहिल्या पानावर सापडतं. अर्थ दिलेला असतो ‘संपणे’. मी इंग्रजी शिकवतो आणि हे प्रकरण वर्गात आवर्जून घेतो. फ्रेजल व्हर्बचा अर्थ पाठ असणं आणि त्याने समोरच्यापर्यंत नेमकं काय पोचतं हे ठाऊक असणं, यांतलं अंतर इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी घटना मला माहीत नाही.

विमान बोगोटाहून निघून मेडेलिनला थांबलं आणि दुपारी तीननंतर तिथून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे निघालं. त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हवा फार खराब होती. ढग जमिनीलगत आलेले, धुकं, जोराचा वारा. केनेडीवर विमानं उतरायला येत होती, धावपट्टी न दिसल्याने पुन्हा वर जात होती, आणि मागची रांग वाढत होती. अविआंका ५२ ला तीन ठिकाणी हवेतच घिरट्या घालत थांबवलं गेलं: आधी व्हर्जिनियातल्या नॉरफोकजवळ, मग अटलांटिक सिटीजवळ आणि शेवटी केनेडीच्या दक्षिणेला. एकूण १ तास १७ मिनिटं. मेडेलिनहून निघताना टाकीत पुरेसं इंधन होतं. ते या घिरट्यांमध्ये गेलं.

कॉकपिटमध्ये तिघं होते: कप्तान, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनियर. आपसातलं बोलणं स्पॅनिशमध्ये चाले, रेडिओवरचं इंग्रजीत. रेडिओ सांभाळत होता सहवैमानिक. विमान उडवणारे कप्तान इंग्रजीसाठी त्याच्यावरच विसंबून होते. कंट्रोलर काय म्हणाला हे ते त्या रात्री पुन्हा पुन्हा विचारत होते. म्हणजे कप्तानांच्या तोंडून निघालेली गोष्ट जमिनीवर पोचायला मध्ये एक भाषांतर होतं. या प्रकरणाचा जीव त्या भाषांतरात आहे.

८ वाजून ४४ मिनिटांच्या सुमारास कंट्रोलरने आणखी थांबायला सांगितलं तेव्हा सहवैमानिक म्हणाला, ‘आय थिंक वी नीड प्रायॉरिटी’. किती वेळ थांबू शकाल, असं विचारल्यावर उत्तर आलं: साधारण पाच मिनिटं, त्याहून जास्त जमणार नाही. पर्यायी विमानतळ कोणता? बॉस्टन होता, पण आता तिकडे जाता येणार नाही, आणि मग एका तुटक वाक्यात ‘रन आउट ऑफ फ्युएल नाऊ’.

हे वाक्य जमिनीवर बसलेल्या माणसाच्या कानाने ऐकून बघा. प्रश्न होता बॉस्टनचा. त्याला जोडून ‘रन आउट’ आलं, तर स्वाभाविक अर्थ लागतो: बॉस्टनला गेलो तर वाटेत इंधन संपेल. म्हणजे केनेडीला उतरवा, एवढंच. बोलणाऱ्याच्या मनात कदाचित होतं की आत्ताच संपतंय. वाक्य दोन्ही अर्थ पेलतं, आणि ऐकणाऱ्याने कमी भीतीदायक अर्थ घेतला. त्याने विमानाला लगेच केनेडीकडे सोडलं. त्याचा सहकारी तोवर पुढच्या कंट्रोल केंद्राशी फोनवर बोलत होता. त्याने हे शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. पुढच्या केंद्राला त्याने कळवलं ते इतकंच, की हे विमान आणखी पाचच मिनिटं थांबू शकेल. इंधन हा शब्द तिथेच गळाला. पुढच्या केंद्राच्या लेखी विमान आता थांबलेलंच नव्हतं, रांगेत लागलं होतं. म्हणजे प्रश्न सुटला होता.

आता ‘रन आउट’कडे जरा निवांत बघू.

वस्तू कर्ता असेल तर ‘द मिल्क हॅज रन आउट’. माणूस कर्ता केला की मागे ‘ऑफ’ लागतं: ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. पासपोर्टची किंवा भाडेकराराची मुदत संपते तेव्हाही इंग्रज हेच वापरतो. ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ आलं की अर्थच फिरतो, ‘रन आउट ऑन समवन’ म्हणजे एखाद्याला अडचणीत टाकून निघून जाणं. क्रिकेटमधला रन आउट, आपला धावचीत, वेगळ्याच घराण्यातला. आपल्याकडच्या मुलांच्या डोक्यात मात्र पहिला तोच येतो. हे सगळं वहीत उतरवून घेता येतं.

वहीत सहसा नसतं ते म्हणजे या क्रियापदाला ‘आयएनजी’ लावल्यावर काय होतं. ‘हॅव रन आउट’ म्हणजे संपलं, शून्य. ‘आर रनिंग आउट’ म्हणजे संपण्याच्या दिशेने चाललंय. पण कुठवर आलंय, हे त्या रूपात नाही. ‘द वर्ल्ड इज रनिंग आउट ऑफ ऑइल’ या वाक्यात पुढची कित्येक दशकं मावतात. परीक्षेला बसलेला मुलगा ‘आय ॲम रनिंग आउट ऑफ टाइम’ म्हणतो तेव्हा पाच मिनिटं उरलेली असतात. रूप एकच. काळाचा अंदाज ऐकणाऱ्याने संदर्भावरून करायचा.

मराठीत ही सोय नाही, आणि ते आपल्या पथ्यावर पडतं. आपल्याला सहायक क्रियापद निवडावंच लागतं: संपत चाललंय की संपत आलंय? भूजल संपत चाललंय. सिलिंडर संपत आलाय. यांची अदलाबदल करून बघा. ‘भूजल संपत आलंय’ म्हटलं की ऐकणारा दचकेल. ‘सिलिंडर संपत चाललाय’ म्हटलं तर घरात कुणी लगेच नंबर लावायला उठणार नाही. ‘चाललंय’मध्ये प्रवास आहे, ‘आलंय’मध्ये मुक्काम समोर दिसतोय. इंग्रजीतलं ‘इज रनिंग आउट’ हे दोन्ही एकाच पिशवीत घालतं. मराठी माणूस मनात ‘संपत आलंय’ धरून इंग्रजीत ‘रनिंग आउट’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ‘संपत चाललंय’ ऐकू येऊ शकतं. बोलणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, कारण त्याच्या परीने वाक्य बरोबर असतं, व्याकरणानेही आणि अर्थानेही.

त्यात ऐकणारा कंट्रोलर असेल तर? लांबचा पल्ला संपवून उतरायला आलेल्या प्रत्येक विमानाचं इंधन कमी झालेलं असतं. त्या अर्थाने त्या रात्रीच्या रांगेतली सगळीच विमानं ‘रनिंग आउट’ होती. त्या वाक्याने अविआंका ५२ रांगेतून वेगळं उठून दिसलं नाही.

रात्री सव्वानऊनंतर विमान उतरण्यासाठी खाली आलं. जमिनीजवळ वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलत होती. विमान ठरलेल्या उतारमार्गाच्या खाली गेलं आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र ‘पुल अप’ म्हणून ओरडू लागलं. हीसुद्धा फ्रेजल व्हर्बच. रस्त्यावर गाडी थांबते तेव्हाही ‘पुल अप’ म्हणतात, पण कॉकपिटमध्ये त्या यंत्राच्या तोंडी तिला एकच अर्थ उरलेला असतो: नाक वर घे, आत्ता. तसं पक्कं ठरलेलं असतं. कप्तान विचारत होते धावपट्टी कुठे आहे, सहवैमानिक सांगत होता की दिसत नाही. ९ वाजून २३ मिनिटांनी कप्तानांनी उतरणं सोडून विमान वर घेतलं.

यानंतरच्या दीड-दोन मिनिटांतलं संभाषण कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे, आणि मी वर्गात ते ओळीने वाचून दाखवतो.

कप्तान सहवैमानिकाला सांगतात: त्यांना सांग आपण इमर्जन्सीत आहोत. सहवैमानिक टॉवरला इंग्रजीत म्हणतो: बरोबर, १८० अंशांच्या दिशेला वळतो, आणि आम्ही पुन्हा एकदा प्रयत्न करू, ‘वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल’. टॉवर: ‘ओके’.

कप्तान पुन्हा: इमर्जन्सी आहे सांग. सांगितलंस का? सहवैमानिक: होय सर, सांगितलं.

विमान पुढच्या कंट्रोलरकडे सोपवलं जातं. तो ३,००० फुटांवर जायला सांगतो. कप्तान: त्याला सांग आपल्याकडे इंधन नाही. सहवैमानिक रेडिओवर: तीन हजारांवर जातो, ‘अँड वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल, सर’. कंट्रोलर: ‘ओके’, आणि पुढची दिशा.

थोड्या वेळाने कप्तान परत विचारतात: इंधन नाही हे सांगितलंस ना? होय सर, सांगितलं.

कप्तान दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. एक, इमर्जन्सी आहे. दोन, इंधन नाही. दोन्हींचं इंग्रजी सहवैमानिकाने एकच केलं. ‘इमर्जन्सी’ हा तर इंग्रजी शब्द, भाषांतराचीही गरज नव्हती. तो उच्चारला असता तर जमिनीवरची सगळी यंत्रणा हलली असती. ‘नाही’ या नकाराचं ‘होत चाललंय’ झालं. आणि ही माहिती कुठे बसवली ते बघा: आधी कंट्रोलरच्या आदेशाची पोच, मग ‘अँड’, मग इंधन, शेवटी ‘सर’. पोच देण्याची वाक्यं कंट्रोलर दिवसभर शेकड्यांनी ऐकतो. तिच्या शेपटाला बांधलेली बातमी त्याला जाता जाता सांगितल्यासारखी वाटली असणार.

सहवैमानिक खोटं बोलत नव्हता. त्याच्या मनाने त्याने सांगितलं होतं, म्हणून तो दोन्ही वेळा ठामपणे ‘होय सर’ म्हणाला. त्याचं इंग्रजी वाईट होतं असं म्हणून हे प्रकरण गुंडाळणं मला पटत नाही. ‘वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल’ या वाक्यात लाल शाईने खूण करावी असं काही नाही. कुठल्याही परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतील.

पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तिथे कंट्रोलरने स्वतःहून विचारलं. तुम्हाला साधारण १५ मैल ईशान्येला नेतो आणि मग परत वळवून उतरायला आणतो. तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? थेट इंधनाचा प्रश्न होता. सहवैमानिकाचं उत्तर: ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच’. चालेल बहुतेक, आभारी आहे. कप्तानांनी विचारलं, काय म्हणाला? फ्लाइट इंजिनियर म्हणाला, तो माणूस चिडलाय. शब्दांत राग कुठेच नव्हता. घाईत बोलणाऱ्या न्यूयॉर्कच्या कंट्रोलरचा सूर स्पॅनिश कानाला तसा लागला असावा, आणि ज्याला समोरचा चिडलेला वाटतो तो अडून बसत नाही. आपल्याकडे सरकारी खिडकीसमोर उभा राहिलेला माणूस काम झालेलं नसतानाही ‘ठीक आहे साहेब’ म्हणून बाजूला होतो, त्याच्या ‘ठीक आहे’मध्ये असंच दडपण असतं.

९ वाजून ३० मिनिटांच्या सुमारास पुन्हा वर जाण्याचा आदेश आला तेव्हा सहवैमानिकाने पहिल्यांदा ‘निगेटिव्ह’ म्हटलं. ‘वी जस्ट रनिंग आउट ऑफ फ्युएल’, आणि त्याच दमात: ओके, तीन हजार, आता ओके. नकार दिला आणि लगेच मागे घेतला. कंट्रोलरनेही ‘ओके’ म्हणून नवी दिशा दिली आणि उतरण्याच्या रांगेत तुमचा नंबर दुसरा आहे, असं सांगितलं. ९ वाजून ३२ मिनिटांनी फ्लाइट इंजिनियरचा आवाज येतो: ‘फ्लेम आउट’, चौथं इंजिन, मग तिसरं. इंजिनातली ज्योत विझणं याला वैमानिकांच्या बोलीत हाच शब्द. सहवैमानिक रेडिओवर म्हणाला, दोन इंजिनं गेली, आणि आम्हाला प्रायॉरिटी हवी आहे, ‘प्लीज’. यावेळीही ‘मेडे’ हा संकटाचा ठरलेला पुकारा नाही, ‘इमर्जन्सी’ नाही. दोन मिनिटांनी विमान पडलं. कॉकपिटमधले तिघंही गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९१ मध्ये अहवाल दिला. मुख्य कारण म्हणून चालक दलाने इंधनाचं नियोजन नीट केलं नाही आणि इंधन संपण्याआधी आणीबाणी कळवली नाही, हे नोंदवलं. वाटेत कंपनीच्या डिस्पॅच कार्यालयाशी, म्हणजे जमिनीवरून उड्डाणावर लक्ष ठेवणाऱ्या विभागाशी, संपर्क ठेवला गेला नाही, अमेरिकी यंत्रणेने विमानांच्या ओघाचं नियोजन नीट केलं नाही, या गोष्टी हातभार लावणाऱ्या म्हणून आल्या. आणि त्यांच्याच जोडीला हे: इंधन कमी असल्याच्या आणि आणीबाणीच्या अवस्थांसाठी वैमानिक आणि कंट्रोलर दोघांनाही समजतील असे प्रमाणित शब्द नव्हते. वैमानिकांसाठीच्या अमेरिकी पुस्तिकेत ‘मिनिमम फ्युएल’ हा शब्द मात्र व्याख्येसह होता. या विमानातून तो एकदाही उच्चारला गेला नाही. ‘प्रायॉरिटी’ मागितली की इमर्जन्सी कळवल्यासारखंच आहे, अशी समजूत या वैमानिकांची असू शकते, हेही चौकशीत पुढे आलं. अमेरिकी कंट्रोलरच्या लेखी ‘प्रायॉरिटी’ ही विनंती होती, इमर्जन्सीची घोषणा नव्हे.

दोष कुणाचा, यावर माझं मत सांगतो. सांगण्याची जबाबदारी विमानाचीच होती, यात शंका नाही. पण ‘इंधन’ हा शब्द कानावर पडल्यावर ‘किती मिनिटांचं?’ हा प्रश्न दोन शब्दांचा आहे, आणि इंजिनं विझेपर्यंत तो कुणीही विचारला नाही. विमानतळापर्यंत पोचण्याइतकं इंधन आहे का, असं कंट्रोलरने विचारलं ते सगळ्यात शेवटी.

बदल झाले, पण सावकाश. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २०१२ पासून दोन अवस्थांसाठी दोन ठरलेले शब्द जगभर लागू केले. ठरलेल्या विमानतळावर उतरायचं पक्कं झालंय आणि आता आणखी थांबवलं तर राखीव इंधनाला हात लागू शकतो, अशी वेळ आली की ‘मिनिमम फ्युएल’. ही अजून आणीबाणी नाही, पण कंट्रोलरला सूचना मिळते. उतरेपर्यंत अंतिम राखीव साठ्याहून कमी इंधन उरणार असं हिशेबात दिसलं की ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’. जेट विमानासाठी हा अंतिम साठा म्हणजे १,५०० फुटांवर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं इंधन. ‘रनिंग आउट’मध्ये जो काळ मोकळा सोडलेला होता, तो या शब्दांमध्ये मिनिटांत बांधलेला आहे.

दुसरा बदल भाषेच्या परीक्षेचा. आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना आणि कंट्रोलरना इंग्रजीत किमान चौथी पातळी गाठावी लागते, हा आयकाओचा नियम २००३ मध्ये आला. त्यामागे हे प्रकरण होतं, तसंच भारतातलंही एक: १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. या परीक्षेत उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ आणि आकलन यांच्या बरोबरीने ‘संवाद’ हा स्वतंत्र निकष आहे. शंका आली तर उलट विचारतो का, समोरच्याला कळलं की नाही याची खात्री करतो का, हे तिथे पाहिलं जातं.

आपल्या वर्गांत ‘रन आउट’ शिकवताना आणखी एक अडचण येते. मराठी माणूस हे क्रियापद मुळात कमीच वापरतो. तो म्हणतो ‘पेट्रोल इज ओव्हर’ किंवा ‘मिल्क गॉट ओव्हर’. भारतात हे सगळ्यांना कळतं. बाहेर ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारपणातून किंवा दुःखातून सावरणं, त्यामुळे ऐकणारा क्षणभर थबकतो. म्हणून मी मुलांना आधी ‘रन आउट’ वापरायलाच लावतो, आणि ते जमलं की त्याच्या आजूबाजूची क्रियापदं देतो. ‘वी आर रनिंग लो ऑन डिझेल’: साठा कमी झालाय, सोय बघायला लागा. ‘वी आर अबाउट टू रन आउट’: हे आपलं ‘संपत आलंय’. ‘वी आर डाउन टू द लास्ट कॅन’: किती उरलंय ते मोजून सांगितलं. ‘वी हॅव टेन मिनिट्स लेफ्ट’: इथे फ्रेजल व्हर्ब नाहीच, आकडा आहे. मग अविआंका ५२ चा ९ वाजून २४ मिनिटांचा संदेश फळ्यावर लिहितो आणि तो यांपैकी कोणत्या वाक्याने सांगितला असता ते प्रत्येकाकडून लिहून घेतो. पहिलं इंजिन विझायला तेव्हा आठ मिनिटं होती, हे त्यांना आधी सांगितलेलं असतं. बहुतेक जण शेवटचं वाक्य निवडतात आणि दहाच्या जागी आठ लिहितात.